ट्राउट, तापमान आणि आपली गोदावरी

लेखाचं नाव वाचून तुम्ही म्हणाल, हिला सबमिशनचं टेन्शन नाही वाटतं! नांदेडात ट्राउट कुठून आला? बरोबर आहे तुमचं. गोदावरीत ट्राउट नाही, मांजरेत नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याच नदीत नाही. तरीही मी हा विषय घेतला, कारण इथे नसलेल्या या माशाने मला इथे असलेल्या नदीकडे नीट बघायला शिकवलं. आपलं कॉलेज विष्णुपुरीला, नदी हाकेच्या अंतरावर. पण चार वर्षांत आपण तिच्याकडे बघतो कधी? पावसाळ्यात बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की फोटो काढायला, बस्स.

माझं शालेय शिक्षण लातूरला कॉन्व्हेंटमध्ये झालं. इंग्रजीच्या पुस्तकांतल्या गोष्टींत कुणी ना कुणी नदीकाठी ट्राउट पकडत बसलेलं असायचं. त्यामुळे गंमत अशी झाली की 'ट्राउट' हा शब्द मला 'मरळ' या शब्दाच्या आधी माहीत झाला. माझा मामा पुण्याला नोकरीला आहे. त्याला फ्लाय फिशिंगचा नाद, सुट्टी मिळाली की हिमाचल गाठतो. दोन वर्षांपूर्वी त्याने त्याची जुनी काठी मला दिली. ती घेऊन मी होस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर सराव करायला उभी राहिले की "मासे कुठेत गं?" हा प्रश्न ठरलेला. त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर म्हणजे हा लेख समजा.

वजन माशीत नाही, दोरीत

आपल्याकडे गळ कसा टाकतात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, वर शिशाचा तुकडा. वजन फेकायचं, त्याच्यामागे दोरी जाते. फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं आहे. इथे गळाला खरं खाद्य नसतंच. बारीक गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून किड्यासारखी दिसणारी एक खोटी माशी बनवतात. तिचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. आता कोंबडीचं पीस वीस फूट लांब फेकून दाखवा बरं! नाही जाणार. म्हणून या प्रकारात वजन दोरीला देतात. प्लास्टिकचं आवरण असलेली जाडसर दोरी असते आणि वजनावरून तिला नंबर दिलेले असतात. पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. फेकायची असते ती दोरी, माशी फक्त तिच्या टोकाला बसून प्रवास करते.

काठी साधारण नऊ फुटांची, मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळती. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या भाषेत हा एक निमुळता कॅन्टिलिव्हर बीम. काठी मागे नेली की दोरीच्या जडत्वामुळे ती वाकते, तिच्यात ऊर्जा साठते. हात झटकन थांबवला की काठी सरळ होते आणि ती ऊर्जा दोरीला मिळते. मग दोरीचा हवेत एक फास तयार होतो आणि तो पुढे उलगडत जातो. फासाची खालची बाजू काठीशी बांधलेली, स्थिर. वरची बाजू धावणारी. जसजसा फास उलगडतो तसतसा धावणारा भाग लहान होत जातो, म्हणजे ऊर्जा कमी कमी वस्तुमानात गोळा होते आणि वेग टिकून राहतो. बैलगाडीवाल्याच्या आसुडाचं टोक फाटकन वाजतं त्यामागे हेच गणित आहे. फरक इतकाच की आसूड वाजला पाहिजे आणि माशी वाजता कामा नये. म्हणून शेवटी नऊएक फुटांचा निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा जोडतात. उरलेली ऊर्जा तिथे संपते आणि माशी पाण्यावर अलगद उतरते.

शिकताना सगळ्यात अवघड काय, तर थांबणं. काठी मागे नेल्यावर मागची दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघावी लागते. घाई केली की दोरी मानेभोवती येते. ताकद लावणाऱ्या मुलांपेक्षा वाट बघणाऱ्या मुलींची दोरी लांब जाते, हे आमच्या ग्राउंडवर सिद्ध झालेलं आहे! (सराव करताना गळ काढून टाका आणि टोकाला लोकरीचा लाल तुकडा बांधा. डोळे सगळ्यांना दोनच असतात.)

माशाला आपण कसे दिसतो?

बारावीच्या फिजिक्समधला क्रिटिकल अँगल आठवतो का? पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून क्रिटिकल अँगल ४८.६ अंश. त्यामुळे पाण्याखालच्या माशाला वरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्यात तळाचं प्रतिबिंब. काठावर ताठ उभा असलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला दाबलेला, बुटका असा दिसतो. पण खाली वाकून, थोडं लांब राहून गेलं तर तो जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून हे लोक काठावर मांजरासारखे चालतात. मासाही बहुतेक वेळा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे खालच्या बाजूने वर सरकत जाणं बरं.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. नदीचा वेग सगळीकडे सारखा नसतो, मधे जास्त आणि काठाला, तळाला, दगडामागे कमी. दोरी जोराच्या धारेवर आणि माशी संथ पाण्यावर असली की दोरी माशीला ओढते. खरा किडा कधी असा ओढत जात नाही, म्हणून मासा लगेच ओळखतो. दोरी उचलून उलट्या बाजूला टाकत राहावं लागतं. फ्लुइड मेकॅनिक्समधला व्हेलॉसिटी प्रोफाइल मला वर्गात जेवढा कळला त्याहून जास्त तो गुडघाभर पाण्यात कळला.

ट्राउट भारतात आला कसा?

ट्राउट आपल्या देशातला नाही. इंग्रज साहेबांना घरची आठवण यायची म्हणून त्यांनी तो आणायचा घाट घातला. दक्षिणेत निलगिरीवर १८६०च्या दशकात डॉ. फ्रान्सिस डे यांनी पहिले प्रयत्न केले, ते फसले. काश्मीरमध्ये फ्रँक मिचेल या स्कॉटिश गृहस्थांनी पुढाकार घेतला. १८९९ साली इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी पाठवलेली अंडी प्रवासातच मेली. १९०० साली दुसरी खेप आली, ती जगली. पुढे १९०९च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निलगिरीवरही हा मासा रुजला. निलगिरीतलं अव्हलांश इथलं ट्राउटचं केंद्र त्याच काळातलं.

जहाजातून महिनाभराच्या प्रवासात अंडी जगवायची कशी? यातलं इंजिनिअरिंग मला फार आवडलं. माशाचं अंडं किती दिवसांत फुटणार हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतं. रेनबो ट्राउटचं अंडं १० अंश सेल्सिअसला साधारण ३१ दिवसांत फुटतं. पाणी जितकं थंड, तितका वेळ लांबतो. म्हणून ओल्या शेवाळात अंडी ठेवून वर बर्फ घालायचा आणि अंड्यांचं घड्याळच हळू करून टाकायचं. आज आपण लसीच्या कोल्ड चेनबद्दल बोलतो, ही माशांची कोल्ड चेन सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

मग गोदावरीत का नाही?

आता मूळ प्रश्न. अंडी आणून विष्णुपुरीत सोडली तर? उत्तर दोन आकड्यांत आहे.

पहिला आकडा तापमानाचा. ट्राउटला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० च्या वर तो अस्वस्थ होतो आणि २५ च्या आसपास मरायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात सकाळीसुद्धा काठच्या पाण्यात थर्मामीटर धरला तर पारा तिशीच्या आसपास असतो. विषय संपला.

दुसरा आकडा ऑक्सिजनचा. पाण्यात विरघळू शकणारा जास्तीत जास्त ऑक्सिजन तापमानाबरोबर कमी होतो. १० अंशांना एका लिटरमध्ये ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना साधारण ७.५. उलट माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज उष्णतेबरोबर वाढते, दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट. म्हणजे उत्पन्न घटत चाललंय आणि खर्च वाढत चाललाय. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपली जी अवस्था होते ती उन्हाळ्यात माशाची होते.

तर मग आपले मासे जगतात कसे? इथेच खरी मजा आहे. आपल्याकडचा मरळ पाण्याच्या वर तोंड काढून सरळ हवेतला ऑक्सिजन घेतो. त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळी व्यवस्थाच आहे. म्हणून मरळ बाजारात टबात तासन्‌तास जिवंत दिसतो. चिलापी, म्हणजे तिलापिया, तोही कमी ऑक्सिजनमध्ये तग धरतो. १९५२ साली तो भारतात बाहेरून आणला गेला आणि आज आपल्या तलावांत, नद्यांत त्याची इतकी भरमार आहे की स्थानिक माशांना जागा उरत नाही. म्हणून 'मासा आणून सोडू' ही कल्पना ऐकायला छान वाटली तरी तिच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

लातूरचा राजा आणि मत्स्यविनोद

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा साहेबांचा खेळ, आपला काय संबंध? मलाही तसंच वाटायचं. पण लायब्ररीत शोधताना सापडलं ते वाचून मी उडालेच.

कल्याणीचे चालुक्य तुम्हाला इतिहासातून माहीत असतील. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे बिदर जिल्ह्यात. देगलूर तालुक्यात होट्टलची देवळं आहेत ना, ती त्याच काळातली. या घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. 'अभिलषितार्थचिंतामणी' हे त्याचं दुसरं नाव. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, एकूण शंभर. राज्यकारभार, स्वयंपाक, संगीत, हत्ती, घोडे, खेळ, सगळं काही त्यात आहे. जुनी मराठी गीतंसुद्धा त्यात सापडतात म्हणून मराठीचे अभ्यासक या ग्रंथाला मान देतात. आणि त्याच्या चौथ्या भागात एक अख्खा अध्याय आहे, मत्स्यविनोद! म्हणजे गळाने मासे पकडण्याचा छंद. (विनोद म्हणजे इथे जोक नव्हे, करमणूक.)

त्या अध्यायात तीसहून जास्त प्रकारचे मासे सांगितले आहेत. समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान, अशी त्यांची वर्गवारी केली आहे. कुठल्या माशाला काय खायला आवडतं, पकडण्याआधी त्याला काय खाऊ घालायचं, काठी आणि दोरी कशी असावी, हेही सांगितलं आहे. विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या अध्यायावर शास्त्रीय लेख लिहिला, तेव्हा जगाला कळलं की मासेमारीच्या छंदावरचं इतकं जुनं आणि इतकं तपशीलवार लिखाण दख्खनमध्ये झालेलं आहे. इंग्रजीतलं आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक १६५३चं. सोमेश्वर त्याच्या पाचशे वर्षं आधीचा!

लातूरकरांसाठी आणखी एक. आपल्या गावातल्या पापविनाशक मंदिरातला शिलालेख याच सोमेश्वराच्या काळातला आहे. त्यात त्या वेळच्या लत्तलूरमध्ये पाचशे विद्वान राहत असल्याचा उल्लेख आहे. ट्यूशनच्या 'लातूर पॅटर्न'ला एवढी जुनी परंपरा आहे म्हणायचं!

गंमत बाजूला ठेवू. सोमेश्वराची पद्धत आणि फ्लाय फिशिंगवाल्याची पद्धत यांत मला एक साम्य दिसलं. दोघंही गळापासून सुरुवात करत नाहीत, माशाच्या जेवणापासून सुरुवात करतात. ट्राउटवाला नदीवर गेला की आधी दगड उलटून बघतो, त्याच्याखाली कुठले किडे आहेत ते पाहतो आणि तसली माशी गळाला बांधतो. म्हणजे आधी अभ्यास आणि मग गळ.

नावं आपलीच, फक्त लॅटिनमध्ये

अभ्यास करायचा तर माशांची नावं हवीत. माझ्याजवळ मराठी नावं फार नव्हती. म्हणून मी शास्त्रीय नावांकडे वळले, तर तिथे मराठीच भेटली. कर्नल साइक्स नावाचे एक इंग्रज अधिकारी पुण्याच्या बाजूला होते. त्यांनी १८३०च्या दशकाच्या शेवटी दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं लंडनला प्रसिद्ध केली आणि नावं देताना इथल्या कोळी-भोयांची नावंच लॅटिनमध्ये घेतली. त्यामुळे दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. तसेच हिप्सेलोबार्बस कोलस, लेबिओ पोटेल, थिनिक्थिस सांडखोल, शिस्माटोऱ्हिंकस नुक्ता. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात या माशांवर पेपर लिहिला तरी त्यात नदीकाठच्या कुणा अनाम माणसाने सांगितलेला शब्द येणारच. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारखीला याचा जरा जास्तच अभिमान वाटला!

महसीरबद्दल एक वाक्य लिहायलाच हवं. हा आपला ट्राउट म्हणता येईल असा मासा, वाहतं आणि स्वच्छ पाणी लागणारा, गळाला लागला की झुंजणारा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या धरणावर १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार करून नद्या-तलावांत सोडण्याचं काम झालं, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचं नाव त्यात आदराने घेतलं जातं. महाडजवळ वाळणकोंडला लोक देवाचे मासे म्हणून महसीरला हात लावत नाहीत.

विष्णुपुरीच्या काठावर एक भोई काका जाळी नीट करत बसलेले असतात. माझी काठी बघून पहिल्या दिवशी म्हणाले, "काय करायलीस पोरी?" मी सांगितलं, माशी बांधून मासा पकडते. "आन् गांडुळाला काय झालं?" मी हसले. त्यांनी माशी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, "दिसायला ब्येस हाय. पण ह्ये वाहत्या पाण्याचं काम. इथं पाणी उभं केलंय. वाहत्या पाण्याचा मासा येगळा, उभ्या पाण्याचा येगळा." काकांच्या या दोन वाक्यांत बंधाऱ्यांच्या परिणामांवरचा अख्खा सेमिनार आहे. मरळ, वाम, राहू, कतला, शिंगाडा, झिंगे, ही नावं मी त्यांच्याकडूनच नीट शिकले. आणि हो, डिसेंबरात बंधाऱ्याच्या बऱ्याच खाली, जिथे पाणी दगडांवरून खळखळत जातं, तिथे माझ्या माशीला बोटभर लांबीचा एक चंदेरी मासा लागला. ओल्या हाताने धरून सोडून दिला. काका म्हणाले, "येवढ्यासाठी येवढी काठी?" मी म्हटलं, "हो काका."

ताप कुणाला कळतो?

आता या लेखाचा मुद्दा. ट्राउटच्या नदीकाठी राहणाऱ्या लोकांना नदी बिघडल्याचं लवकर कळतं, कारण ट्राउट लगेच मरतो किंवा निघून जातो. त्याआधी दगडाखालचे किडे जातात. मेफ्लाय नावाचा एक किडा असतो. पिल्लू म्हणून तो पाण्याखाली कित्येक महिने राहतो, पंख फुटल्यावर जेमतेम एखाद-दोन दिवस जगतो. त्याच्या बऱ्याच जातींना स्वच्छ, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. म्हणून जगभर आणि आपल्याकडेही पाण्याची जैविक तपासणी करताना तळाचे किडे मोजतात. फ्लाय फिशिंगवाला हे किडे मासा पकडण्यासाठी बघतो आणि नकळत नदीचा रखवालदार होतो.

आपल्याकडे अडचण अशी की आपले मासे सोशिक आहेत. मरळ हवेतून श्वास घेतो, चिलापी घाणीतही वाढतो. बाजारात मासा दिसतो म्हणून आपण समजतो नदी ठीक आहे. घरात सगळं सहन करणारी एखादी आई असते ना, तिला ताप आलेला कुणाला कळतच नाही, तसं आहे हे.

थर्ड इयरला एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगमध्ये स्ट्रीटर-फेल्प्सचं समीकरण आहे. १९२५ साली अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून ते आलं. नाल्याचं पाणी नदीत मिसळलं की जिवाणू ती घाण खाताना ऑक्सिजन वापरतात आणि हवेतून नवा ऑक्सिजन हळूहळू मिसळत असतो. या दोन वेगांच्या शर्यतीत ऑक्सिजनचा आलेख आधी खाली बसतो आणि पुढे जाऊन सावरतो. आपण व्हायवापुरतं हे पाठ करतो. पण पुस्तकातलेच गुणक घेऊन २० आणि ३० अंशांची तुलना करून बघा. घाण कुजण्याच्या वेगाचा गुणक १.०४७, त्याचा दहावा घात केला तर वेग सुमारे ५८ टक्के वाढतो. हवेतून ऑक्सिजन मिसळण्याचा गुणक १.०२४, तो वेग २७ टक्केच वाढतो. म्हणजे तेवढीच घाण थंड देशातल्या नदीत पडली तर जेवढा खड्डा पडतो, त्यापेक्षा खोल खड्डा आपल्या नदीत पडतो. त्यात पाणी अडवून उभं केलेलं असेल तर खळखळ बंद, मग नवा ऑक्सिजन मिसळणार कसा? थंड देशांपेक्षा आपण नदीला जास्त जपायला हवं, कमी नाही. हे मत नाही, गणित आहे.

आपल्या देशाच्या निकषांप्रमाणे नदीत आंघोळ करायची तर लिटरला निदान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, मासे जगायचे तर निदान ४. नांदेडच्या घाटांवर देशभरातून भाविक येतात, श्रद्धेने गोदावरीत उतरतात. त्यांना हा आकडा माहीत नसेल. आपल्याला माहीत आहे, म्हणून आपली जबाबदारी मोठी.

आणि नदीच नसेल तर? मी पाचवीत असताना, २०१६ साली, लातूरकरांनी ते पाहिलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. मोठी माणसं रेल्वेबद्दल बोलत होती. त्या वर्षी मांजरेतल्या माशांचं काय झालं, हे मी कुणाला विचारलं नाही, आणि माझ्यासमोर कुणी बोललंही नाही. हवेतून श्वास घेणाऱ्या मरळालासुद्धा चिखल तरी ओला लागतोच की!

मग करायचं काय?

कुणाला हा छंद लावून घ्यायचा असेल तर काही साध्या गोष्टी सांगते.

१. आधी विचारा. जलाशयांतले मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. ते त्यांचं पोट आहे, आपला छंद आहे. फरक लक्षात ठेवा.

२. घाटांवर आणि धार्मिक जागी गळ टाकू नका.

३. बंधाऱ्याच्या दरवाजांखाली कधीही उतरू नका. वर पाऊस झाला की दरवाजे उघडतात आणि पाणी सांगून येत नाही. एकटं जाऊ नका, पोहता येत असलं तरीही.

४. पावसाळ्याच्या सुरुवातीला बहुतेक मासे अंडी घालतात. तेव्हा काठी खुंटीला टांगून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले, पाणी निवळलेलं आणि त्यातल्या त्यात थंड.

५. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा लवकर सुटतो. सोडायचा तर ओल्या हाताने धरा आणि शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. गरम पाण्यात झुंजून दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो, म्हणून उन्हाळ्यात हा खेळ बंद.

६. तुटलेला नायलॉनचा धागा काठावर टाकू नका. बगळे, पाणकावळे त्यात अडकतात.

आणि ज्यांना मासे पकडण्यात काडीचा रस नाही त्यांच्यासाठी सातवं. आपल्या लॅबमध्ये विंकलर पद्धतीने पाण्यातला ऑक्सिजन मोजायची सगळी सामग्री आहे. वर्षातून एकदा प्रॅक्टिकलला ती बाहेर निघते आणि नळाच्या पाण्यावर प्रयोग करून आपण जर्नल पूर्ण करतो. तीच बाटली दर रविवारी सकाळी नदीवर नेली तर? तारीख, वेळ, तापमान, ऑक्सिजन, आणि दगडाखाली काय दिसलं, एवढ्या पाच रकान्यांची एक वही. एका बॅचने सुरू करायची, पुढच्या बॅचला द्यायची. दहा वर्षांनी आपल्या कॉलेजकडे नदीचा असा आलेख असेल की कुणालाही तो नाकारता येणार नाही.

अशी वही मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी या सेमिस्टरपासून सुरू केली आहे. अजून पानं फार भरलेली नाहीत. सिव्हिलचे, केमिकलचे, अगदी कॉम्प्युटरचेसुद्धा, कुणीही या. रविवारी सकाळी साडेसहाला मेसच्या गेटपाशी आम्ही असतो, नाश्त्याच्या पोह्यांच्या आत परत येतो. काठी एकच आहे, पण थर्मामीटर आणि बाटल्या भरपूर आहेत.